अठ्ठ्याऐंशी दिवसांची कमाई

सोडतीत नाव लागणे म्हणजे काय असते, हे मुंबईकराला सांगायला नको. म्हाडाचे अर्ज भरण्यात आणि यादीत आपला नंबर शोधण्यात आमच्या पिढीतल्या कितीतरी जोडप्यांची तारुण्ये सरली. पण परदेशात जाऊन वर्षभर हिंडण्यासाठी आणि हिंडता हिंडता मोलमजुरी करण्यासाठीही सोडत निघते आणि तिच्यासाठी पदवीधर मुलामुलींची झुंबड उडते, असे मला कोणी पूर्वी सांगितले असते, तर मी हसून दुसरा विषय काढला असता.

हकीकत अशी आहे. २०२२ साली भारत आणि ऑस्ट्रेलिया यांच्यात व्यापारी करार झाला. २ एप्रिलला सह्या झाल्या आणि २९ डिसेंबरला तो अमलात आला. डाळी, दारू, लोकर, कोळसा असल्या रुक्ष कलमांच्या गर्दीत एक गोजिरवाणे कलम होते: दरसाल एक हजार भारतीय तरुणांना ऑस्ट्रेलियाने 'वर्क अँड हॉलिडे' व्हिसा द्यावा. वय अठरा पूर्ण आणि एकतीस अपूर्ण, निदान दोन वर्षांचे महाविद्यालयीन शिक्षण, कामापुरते इंग्रजी, गाठीला पाचएक हजार डॉलर, आणि संगती मूलबाळ नाही. एवढे असले की वर्षभर त्या देशात राहा, भटका आणि भटकंतीचा खर्च निघावा म्हणून मिळेल ते काम करा. नावे नोंदवण्याची पहिली खिडकी १ ते ३१ ऑक्टोबर २०२४ या महिन्यात उघडली. नोंदणी फी पंचवीस डॉलर. पहिल्या पंधरवड्यातच चाळीस हजारांच्या घरात नावे आल्याचे तिकडच्या मंत्र्यांनी सांगितले. एक हजार जागांना चाळीस हजार! म्हाडाची आठवण आली ती उगीच नाही.

या एक हजारांत माझी भाची निघाली.

धाकट्या बहिणीची ही मुलगी. बी. ई. झालेली, पुण्यात संगणकाच्या एका कंपनीत सात वर्षे नोकरी केलेली, तिसाव्या वर्षात असलेली आणि अजून अविवाहित. शेवटचे विशेषण आमच्या घरात बाकीच्या सगळ्यांवर मात करते, हे वाचकांनी ओळखले असेलच. नाव लागल्यावर अर्ज करायला अठ्ठावीस दिवसांची मुदत असते. त्या अठ्ठावीस दिवसांत ठाण्याच्या त्या दोन खोल्यांत काय काय झाले, ते मी इथे लिहीत नाही. पोरगी २०२५ च्या मार्चात गेली, एवढेच सांगते.

आधी मेलबर्नला एका उपाहारगृहात कपबशा उचलल्या. मग मे महिन्याच्या अखेरीस तिचा फोन आला की, आपण उत्तर क्वीन्सलंडमध्ये टली नावाच्या गावी केळी भरायला चाललो आहोत. बहिणीने लगेच मला फोन लावला. मी तेव्हा मुलाकडे ब्रिस्बेनला मुक्कामाला होते.

"ताई, तू तिकडेच आहेस, तर तिला एकदा डोळ्यांनी बघून ये. फोनवर ती सगळे छान छान सांगते. इतके छान, की मला झोप लागत नाही."

आता बहिणीला वाटले, ब्रिस्बेन आणि टली म्हणजे ठाणे आणि कर्जत. प्रत्यक्षात अंतर पंधराशे किलोमीटरच्या आसपास आहे. मुलगा म्हणाला, "आई, विमानाने जा." पण मला आगगाडीचे वेड. 'स्पिरिट ऑफ क्वीन्सलंड' नावाची गाडी ब्रिस्बेनहून केर्न्सला जाते. सारा मार्ग सोळाशे ऐंशी किलोमीटरांचा, आणि केर्न्स गाठायला चोवीस तासांहून जास्त लागतात. टली केर्न्सच्या अलीकडे. ऑगस्टचा महिना होता. रात्र गाडीत काढली आणि सकाळी उठून पाहते तो दोन्हीकडे ऊस. रुळाशेजारून उसाच्या चिमुकल्या आगगाड्या धावत होत्या. हंगाम सुरू होता. कोल्हापूरचा माणूस त्या खिडकीशी बसला असता, तर त्याने डोळे पुसले असते.

या वाटेवर एक होम हिल नावाचे स्टेशन लागते. नाव किती घरगुती! पण ते नाव मी आधीपासून वाचून होते, म्हणून स्टेशन येताच हातातले पुस्तक मिटले. त्याविषयी पुढे सांगेन.

*

हा सारा खटाटोप कशासाठी, हे आधी सांगायला हवे. केळी भरण्याची आमच्या मुलीला हौस नव्हती. तिला दिवस जमवायचे होते.

ऑस्ट्रेलियाने ही सुटी-कम-नोकरीची परवानगी १९७५ साली सुरू केली. तेव्हा ती फक्त ब्रिटन, आयर्लंड आणि कॅनडा इथल्या तरुणांना होती. आपल्याच गोतावळ्यातली पोरे, येतील, देश पाहतील, चार मित्र जोडतील, अशी कल्पना. १९८० साली जपान आला, मग हळूहळू आणखी देश आले. पुढे शेतकऱ्यांच्या लक्षात आले की, या पोरांना हात आहेत. तिकडे जमीन अफाट आणि माणसे समुद्रकाठच्या पाच-सहा शहरांत दाटलेली. आंबा झाडावर पिकतो, तो उतरवायला गावात कोणी नाही. तेव्हा २००५ च्या नोव्हेंबरात सरकारने एक आमिष ठेवले: जो कोणी शहरांपासून दूर, ठरवून दिलेल्या भागात, ठरवून दिलेले काम तीन महिने करील, त्याला दुसऱ्या वर्षाचा व्हिसा. २०१९ च्या जुलैपासून आणखी एक पायरी वाढली. दुसऱ्या वर्षात सहा महिने असेच काम करा आणि तिसरे वर्ष घ्या.

व्हिसाचे दोन प्रकार आहेत, ४१७ आणि ४६२. जुन्या गोतावळ्याला पहिला आणि आपल्यासारख्यांना दुसरा. ४६२ वाल्यांना दुसऱ्या वर्षाची सवलत २०१६ च्या नोव्हेंबरात मिळाली. दोहोंच्या कामांच्या याद्या आणि प्रदेशांच्या याद्या थोड्या थोड्या वेगळ्या आहेत, आणि तो फरक ध्यानात न घेता मित्राच्या सल्ल्याने काम धरणारे पस्तावतात.

तीन महिने म्हणजे अठ्ठ्याऐंशी दिवस. सहा महिने म्हणजे एकशे एकोणऐंशी. पहिला आकडा तिकडच्या पोरापोरींत एखाद्या मंत्रासारखा झाला आहे. "मी माझे अठ्ठ्याऐंशी करते आहे," असे म्हणतात. काय अठ्ठ्याऐंशी, ते कोणी विचारत नाही.

मी चौतीस वर्षे विमा कंपनीच्या हिशेबखात्यात काढली. तेव्हा हे दिवस मोजतात कसे, याची मला भाचीपेक्षाही जास्त उत्सुकता. तिने एक वही दाखवली. रोजचा दिनांक, तास, मालकाचे नाव, पगाराच्या चिठ्ठीचा क्रमांक. वही पाहून मला भरून आले. आमच्या घराण्याचा गुण कुठेतरी उतरला म्हणायचा.

हिशेब असा. आठवड्याचे पाच दिवस पुरे काम, म्हणजे त्या धंद्यातला पूर्णवेळ कामगार करतो तेवढे, भरले तर शनिवार-रविवारही जमेस धरतात आणि आठवड्याचे सात दिवस मिळतात. पण काम तीनच दिवस मिळाले तर तीनच. दिवस म्हणजे साधारण सात-आठ तासांची पाळी. बारा तास राबलात म्हणून दीड दिवस होत नाही. पाऊस पडला, यंत्र बिघडले, बाजारात माल नको म्हणून मालकाने "उद्या येऊ नका" असा निरोप धाडला, की तो दिवस गेला. म्हणजे पाचव्या दिवसाची किंमत एक नसून तीन! पाचवा दिवस बुडाला, की शनिवार-रविवारही त्याच्याबरोबर बुडतात. गुरुवारी रात्री त्या होस्टेलातली पोरे फोनकडे कशी टक लावून बसतात, ते मी पाहिले आहे. आपल्याकडे दहावीच्या निकालाच्या आदल्या रात्रीचा तो चेहरा.

जागेचेही तसेच. गाव चालेल की नाही, ते पोस्टाच्या क्रमांकावरून ठरते. सिडनी, मेलबर्न, ब्रिस्बेन, पर्थ चालत नाहीत. रस्त्याच्या या बाजूचा मळा चालतो आणि त्या बाजूचा चालत नाही, असेही होऊ शकते. आणि काम? फळ तोडणे चालते, त्याच आवारात ते खोक्यात भरणे चालते, पण मळेवाल्याची मुले सांभाळणे चालत नाही. द्राक्षे खुडणे चालते. त्याच द्राक्षांची वाइन गिऱ्हाइकाला चाखायला देणे चालत नाही. हिशेबनीस म्हणून मला या नियमात एक शुद्धता दिसली. पण त्या शुद्धतेपायी कोणाची किती ओढाताण होते, तेही चार दिवसांत दिसले.

भाचीने २ जूनला काम धरले. मी गेले तोवर अकरा आठवडे होत आले होते. सरळ चालले असते, तर सत्त्याहत्तर दिवस जमायचे. वहीत चोपन्न होते. पाच आठवडे पुरे भरले, त्याचे पस्तीस. उरलेल्या सहा तुटक आठवड्यांचे मिळून एकोणीस.

"राहिले चौतीस," मी म्हटले, "होतील की! घाई कसली आहे?"

ती वहीचे शेवटचे पान उघडून गप्प राहिली. तिथे तांबड्या शाईने ९ ऑक्टोबर लिहिले होते. तिचा एकतिसावा वाढदिवस. दुसऱ्या व्हिसाचा अर्ज एकतीस पुरी होण्याआधी गेला पाहिजे. दहा तारखेला हातात शंभर दिवस असले तरी त्यांचा काही उपयोग नाही. अकरा आठवड्यांत चोपन्न, या चालीने चौतीसला सात आठवडे लागतात. म्हणजे ऑक्टोबरची पाच-सहा तारीख. त्रैराशिक मी तोंडी केले आणि पुढे काही बोलले नाही.

*

टली हे गाव पावसाचे. गावात सोनेरी रंगाचा एक प्रचंड गमबूट उभा केला आहे, उंची सात मीटर नव्वद सेंटिमीटर. १९५० साली तिथे एका वर्षात तेवढा पाऊस पडला, म्हणून! आंबोलीच्या मंडळींनी ही युक्ती उचलायला हरकत नाही. मागे हिरवागार डोंगर, गावाच्या कडेला साखर कारखाना, हवेत मळीचा वास आणि चहूकडे केळीच केळी. ऑस्ट्रेलियाची बहुतेक सारी केळी टली आणि शेजारच्या इनिसफेल या टापूतून येतात. २००६ च्या आणि २०११ च्या चक्रीवादळांत या बागा आडव्या झाल्या, तेव्हा साऱ्या देशात केळ्याचे भाव असे कडाडले की, लोकांनी केळे खाणे सोडले होते. केळीला बारमाही तोडा असतो. आंब्या-द्राक्षांसारखा हंगाम संपत नाही. म्हणून दिवस जमवणारी पोरे टलीला येतात.

बागेत मला पाऊल टाकता आले नाही. २०१५ च्या मार्चात इथे पनामा रोगाची नवी जात सापडली. ही बुरशी मातीतून पसरते, तेव्हा परक्याचा जोडा बागेत शिरू देत नाहीत. कुंपणाशी पाट्या, गाड्या धुवायचे हौद, बूट बुडवायची टपे. जळगावकडच्या बागाईतदारांनी हे पाहायला हवे. त्यांचीही मुख्य जात त्याच कुळातली, आणि हा रोग आता भारतातही आला आहे.

तेव्हा मी रस्त्यावरून पाहिले आणि बाकीचे भाचीकडून ऐकले. पुरुष बागेत असतात. एक जण घड तोडतो, दुसरा तो खांद्यावर झेलतो. घड पन्नास किलोंचाही भरतो. तो झेलत, चिखलातून वाहत, ट्रॉलीत लावायचा आणि पुन्हा यायचे, दिवसभर. भाची शेडमध्ये. घड साखळीला लटकत येतात, फण्या कापतात, पाण्याच्या हौदात पडतात, धुतात, निवडतात आणि खोक्यात वळणे जुळवून रचतात. वाकडे, डागी, फार लहान, फार मोठे, सगळे बाजूला. खोके पंधरा किलोंच्या आसपास. आठ तास उभे राहून. केळीचा चीक कपड्याला लागला की जात नाही, हे कोकणातल्या बाईला माहीत असते. तिकडच्या फ्रेंच मुलींना ते तिथे जाऊन कळले.

एक गोष्ट मी बहिणीला फोनवर सांगितली नाही. ती आता इथे छापून येते आहे, त्याला इलाज नाही. केळीच्या बागांत उंदीर फार, आणि उत्तर क्वीन्सलंडच्या केळी-कामगारांना लेप्टोचा धोका डॉक्टरांनी फार वर्षांपासून नोंदलेला आहे. होय, आपला पावसाळी लेप्टो, तोच. मुंबईत गुडघाभर पाण्यातून चालून आल्यावर आपण ज्याला भितो, तो सातासमुद्रांपलीकडेही भेटला. हातमोजे, गमबूट, जखम झाकणे, ताप आला की लगेच डॉक्टर. भाची हे सगळे पाळत होती, आणि ते पाळते आहे हे पाहूनच मी ब्रिस्बेनला परतले.

पैशाचे म्हणाल तर, प्रामाणिक मालक असला की पैसा चांगला. १ जुलै २०२५ पासून त्या देशात किमान वेतन तासाला २४ डॉलर ९५ सेंट झाले. रोजंदारीवाल्याला त्यावर पंचवीस टक्के अधिक, म्हणजे एकतीस डॉलरांच्या वर. रुपयांत तासाला सतराशेच्या पुढे जाते. आकडा ऐकून आमच्या बहिणीचे यजमान खुर्चीत सरळ बसले. पण या व्हिसावाल्यांना पहिल्या डॉलरपासून पंधरा टक्के कर आहे. होस्टेलातल्या आठ जणांच्या खोलीतली एक खाट आठवड्याला दोनशे डॉलरांवर जाते. आणि आठवडा तुटका निघाला, तर खाटेचे भाडे तुटके होत नाही.

शिवाय मालक प्रामाणिक हवा. पूर्वी किती खोकी भरली त्यावर मजुरी देत, आणि नवख्या पोराला दिवसभर राबून जेवणापुरतेही पैसे सुटत नसत. शेतकामगारांच्या युनियनने दाद मागितली, आणि २०२२ च्या एप्रिलाखेरपासून खोक्यावर काम असले तरी तासाची किमान मजुरी द्यावीच लागते. २०१७ साली तिकडच्या दोन विद्यापीठांतील अभ्यासक बायकांनी हजारो परदेशी तरुणांची पाहणी प्रसिद्ध केली. त्यांतल्या सुमारे एक तृतीयांशांना कायदेशीर मजुरीच्या निम्म्याच्या आसपासच पैसे मिळत होते. एवढ्या कायद्याच्या देशात ही गत!

भाचीच्या खोलीत तैवानची एक मुलगी होती. वय चोवीस. मला पहिल्या दिवसापासून ती "आंटी" म्हणून हाक मारू लागली आणि भाताचा कुकर लावून दिला की डोळे मिटून जेवे. टलीला येण्याआधी तिने दुसऱ्या एका गावी एका मुकादमाकडे भाजी खुडली होती. मुकादम रोख पैसे देई, चिठ्ठी देत नसे. "शेवटी सगळे एकदम लिहून देतो," म्हणे. तिचे पाच आठवडे झाले आणि एका सकाळी मुकादमाचा फोन बंद. व्हॅनही नाही. २०१५ च्या डिसेंबरापासून नियम असा आहे की, काम पगारी हवे आणि पगाराच्या चिठ्ठ्या दाखवता आल्या पाहिजेत. चिठ्ठी नाही म्हणजे दिवस नाहीत. पोरीने पाच आठवडे उन्हात पाठ वाकवली, ती सरकारच्या लेखी वाकलीच नाही. तिने टलीत पुन्हा एकपासून मोजायला सुरुवात केली होती.

मला या साऱ्या व्यवस्थेतले वैगुण्य दिसते ते इथे. पगारासाठी आलेला मजूर पगार बुडाला की भांडतो, नाहीतर निघून जातो. दिवसांसाठी आलेला मजूर गप्प बसतो. त्याचे खरे वेतन मालकाच्या हिशेबात नसून मालकाने दिलेल्या कागदात असते. ज्याच्या हाती कागद, त्याच्याशी वैर कोण घेणार? खोली ओलसर आहे, मुकादम नको तितका जवळ येऊन बोलतो, गाडी चालवणारा प्यालेला आहे, असली प्रत्येक तक्रार मुलगी राहिलेल्या दिवसांशी ताडून पाहते. आणि बहुधा गिळते.

होम हिलचे सांगते म्हणाले होते. २०१६ च्या ऑगस्टात तिथल्या एका होस्टेलात मिया आयलिफ-चुंग ही वीस वर्षांची इंग्रज मुलगी तिथेच राहणाऱ्या एकाच्या सुऱ्याला बळी पडली. तिला वाचवायला धावलेला टॉम जॅक्सन हा तरुणही काही दिवसांनी गेला. हेच अठ्ठ्याऐंशी दिवस करायला ती काही दिवसांपूर्वीच त्या गावी आली होती. तिची आई रोझी आयलिफ हिने नंतर वर्षानुवर्षे एकच गोष्ट लावून धरली: तुम्ही मुलांना सक्तीने आडगावी धाडता, तर तिथल्या मालकांची आणि खाटांची तपासणीही करा. त्याच्याही आधी, २००० सालच्या जूनमध्ये, चिल्डर्स गावी फळे तोडणाऱ्या पोरांच्या एका होस्टेलाला एकाने आग लावली. पंधरा मेली. मी टलीच्या होस्टेलात शिरताच पहिल्यांदा मागचे दार कुठे उघडते ते पाहिले आणि ते उघडून पाहिले. भाची हसली. हसू दे.

ब्रिटिश पासपोर्टवाल्यांना मात्र १ जुलै २०२४ पासून हे अठ्ठ्याऐंशी दिवस माफ आहेत. नव्या व्यापारी करारात त्यांनी आपल्या पोरांना सोडवून घेतले. आता इंग्रज पोरगी तीन वर्षे सिडनीच्या समुद्रकाठी कॉफी करू शकते, आणि केळी भरायला तैवान, इटली, फ्रान्स, कोरिया आणि आपण उरतो. मला राग आला असे नाही. पण पुढच्या वेळी आपले लोक वाटाघाटींना बसतील, तेव्हा डाळ आणि दारू यांच्यामध्ये हेही एक कलम घालायला हरकत नाही.

तुम्ही म्हणाल, हे तर गिरमिटच झाले. माझ्याही मनात तो शब्द आला होता. क्वीन्सलंडच्या याच उसाच्या जमिनीवर १८६३ ते १९०४ या काळात प्रशांत महासागरातल्या बेटांवरून बासष्ट हजारांच्या आसपास माणसे आणली गेली. काही फसवून, काही पळवून. त्या जमिनीची मजुरांची भूक जुनी आहे. पण तुलना फार ताणू नये. आमच्या पोरीजवळ पासपोर्ट तिचा तिच्यापाशी होता, परतीच्या तिकिटाचे पैसे बँकेत होते, आणि नको वाटले तर दुसऱ्या दिवशी गाडीत बसायची मुभा होती. गिरमिटियाला यांतले काही नव्हते. पंजाबी शेतकरी तर न्यू साऊथ वेल्समधल्या वुलगूलगा गावी स्वतःच्या केळीच्या बागांचे मालक झाले आणि १९६८ साली त्यांनी तिथे गुरुद्वारा बांधला. मातीचा आणि माणसाचा संबंध काही एकाच प्रकारचा नसतो.

*

निघायच्या आदल्या संध्याकाळी आम्ही दोघी नदीकाठी जाऊन बसलो. मगरी आहेत म्हणून काठापासून लांबच. मी म्हटले, "हे बघ, मी तुझ्या आईची वकील म्हणून आले आहे, तेव्हा विचारणे भाग आहे. कशासाठी हे दुसरे वर्ष? या व्हिसाने कायमचे राहायला मिळत नाही. एका मालकाकडे सहा महिन्यांच्या वर ठेवत नाहीत, म्हणजे धड नोकरी म्हणावी तर तीही नाही. पुण्यातली खुर्ची गेली. बोटांची दशा बघ."

ती बराच वेळ बोलली नाही. मग म्हणाली, "मावशी, पुण्यात मी सात वर्षे काय केले, ते मला आईला कधी समजावून सांगता आले नाही. मलाच नीट माहीत नव्हते. इथे संध्याकाळी मी सांगू शकते, आज इतकी खोकी भरली. आयुष्यभर खोकी भरायची नाहीत गं मला. पण एकतीसनंतर हे दार माझ्यासाठी कायमचे बंद. टास्मानिया बघायचा आहे, डार्विनला राहायचे आहे. आणि खरे सांगू? अर्धवट सोडून आले असे कोणी म्हणायला नको आहे."

यातले शेवटचे वाक्य सर्वांत खरे होते, असे मला वाटते. आमच्या आजोबांनी कोकणातली भातशेती कुळाकडे सोडली आणि गिरगावात कारकुनी धरली. तेव्हापासून दोन पिढ्यांत आमच्या घरात कोणी चिखलात पाय घातलेला नाही. 'शेतात काम करते' हे शब्द बहिणीच्या तोंडून निघत नव्हते, त्याचे कारण मुलीची काळजी एवढेच नव्हते. हे मी बहिणीला तोंडावर सांगितले आहे. तेव्हा इथे लिहायला संकोच नाही.

मी ब्रिस्बेनला परतल्यावर रोज रात्री वहीतला आकडा फोनवर यायचा. पहिले दोन आठवडे पुरे भरले, अडुसष्ट. मग पाऊस लागला आणि पुढच्या आठवड्यात तीनच दिवस मिळाले. त्याच्या पुढच्यात चार. पंचाहत्तर. सप्टेंबरची १४ तारीख. त्या वेळी भाचीने शेडमधल्या मुकादमीण बाईला सरळ जाऊन वाढदिवसाची तारीख सांगितली. ती बाई स्वतः पंधरा वर्षांपूर्वी अशीच दिवस मोजत आलेली होती. तिने काही वचन दिले नाही. पण पुढचे दोन आठवडे भाचीचे नाव पाचही दिवस फळ्यावर लागले. २८ तारखेला एकोणनव्वद झाले.

भाची लगेच अर्ज करायला बसली नाही. ती मालकाच्या कचेरीत गेली, कामाच्या दाखल्याच्या फॉर्मवर सही घेतली, सतराही आठवड्यांच्या चिठ्ठ्या बँकेतल्या नोंदींशी लावून पाहिल्या. एका चिठ्ठीवर तिच्या नावातले एक अक्षर चुकले होते. ते बदलून घेतले. माझ्याकडे दोनदा तपासायला पाठवले. सहाशे सत्तर डॉलर फी भरून अर्ज ३० सप्टेंबरला गेला. वाढदिवसाला नऊ दिवस बाकी होते. तैवानी मुलीचे तेव्हा एकोणपन्नास झाले होते. तिला वयाची घाई नव्हती, एवढेच समाधान.

दिवाळीत बहिणीकडे वधूवर सूचक मंडळाचा फोन आला. नोंदणीचे नूतनीकरण करायचे आहे का, आणि मुलगी सध्या काय करते, ते रकान्यात काय लिहू, असे तिकडच्या बाईंनी विचारले. बहीण क्षणभर थांबली. मग म्हणाली, "ऑस्ट्रेलियात असते. केळ्यांच्या व्यवसायात आहे."

बाईंनी तसेच लिहून घेतले. पहिल्याच आठवड्यात तीन स्थळांकडून चौकशी आली. त्यांतले एक जळगावचे.